सरांचं देणं

आज मी शाळेत मुलांना खेळ शिकवतो, तो कोल्हापुरातल्या एका सरांमुळे. पेठेतली पोरं ते पहाटे मैदानावर जमवायचे. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं सर म्हणतो.

आमच्याकडे तालीम संघांची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियम गर्दीनं फुलतं. अशा गावात ‘याच्या अंगात खेळ नाही’ हा शिक्का पोराला फार लागतो. माझ्यावर तो शाळेच्या निवड चाचणीत बसला. धावण्यात मागे, लांब उडीत मागे. सरांनी चाचणी घेतलीच नाही. बॉल दिला.

त्यांचा सराव बघणाऱ्याला गोंधळच वाटे. साधा पास पायात बसेपर्यंत ते तोच घोटून घेत. एकदा बसला की मात्र सलग दोन किक सारख्या मारू देत नसत. जवळचा पास, लगेच लांबचा, मग डाव्या पायानं, मग समोर गडी उभा करून ड्रिबलिंग. किक चुकली तरी लगेच बोलत नसत. ‘काय झालं, तूच सांग की,’ म्हणत. शेजारची पोरं एकाच जागेवरून ओळीनं किक मारत आणि त्या सकाळी आमच्यापेक्षा सरस दिसत. मॅचमध्ये बॉल त्या जागेवर क्वचितच येई.

पुढे बी.पी.एड.ला शिया आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग वाचला. हाताच्या हालचाली एकेक करून घोटणारे सरावात पुढे होते. १० दिवसांनी तपासलं, तेव्हा मिसळून सराव केलेले पुढे निघाले. मैदानावरचे निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत, आणि नवख्याला आधी घोटावंच लागतं. सर तेच करत. बर्कलीचे संशोधक फ्रँकलिन हेन्री यांचं म्हणणं तर मला माझ्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं: सगळ्या खेळांना पुरेल अशी एकच उपजत चपळाई नसते, प्रत्येक कौशल्यामागची क्षमता निराळी. म्हणजे उडीत मागे पडलेलं पोरगं पासिंगमध्येही मागेच राहील, असं ठरत नाही.

सरांनी यातलं काही वाचलं नव्हतं. पोरगं मॅचमध्ये कुठं अडतं, ते बघून त्यांनी सराव बेतला होता. मी फोन करून सांगितलं, तर ‘बरं झालं, कागदावर आलं,’ एवढंच म्हणाले.

मुलांना खेळवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: निवड यादीत न आलेल्या पोरांना घरी पाठवू नका. निदान एक हंगाम त्यांच्या पायात बॉल राहू द्या.