स्लॅब पडण्याआधी धुराची वाट

घरकुल मंजूर झाले की घरात बोलणी सुरू होतात ती दाराच्या रंगाची, फरशीची आणि पुढे ओटा किती फुटांचा काढायचा याची. धुराची गोष्ट कोणी काढीत नाही. धूर आपली वाट आपण शोधील, असे सगळे धरून चालतात. तो शोधतोही. पण आधी बाईच्या डोळ्यांतून आणि छातीतून जातो, मग दाराबाहेर पडतो.

आमच्या आईच्या घरकुलाचा स्लॅब गेल्या उन्हाळ्यात पडला. गाव जालना जिल्ह्यातले. आम्ही दोघे भाऊ पोटापाण्यासाठी पिंपरीला असतो. स्लॅबच्या आधीचे तीन आठवडे फोनवर आमचे बोलणे एकाच गोष्टीवर चालले होते : चुलीचा पाईप छतातून कुठे वर काढायचा? कामावरचे सोबती हसत. पण सिमेंटचा स्लॅब म्हणजे कौल नव्हे, की एक उचलले आणि पाईप घातला. एकदा काँक्रीट पडले की भोक पाडायला सळ्या तोडाव्या लागतात, आणि तोडलेल्या जागेतून पुढे पाणी झिरपते. म्हणून धुराची जागा सेंट्रिंगच्या फळ्या ठोकण्याआधीच ठरली पाहिजे. घरकुल बांधणाऱ्या वाचक बंधू-भगिनींनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले.

गॅस असताना चुलीचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. आईकडे गॅस आहे. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत शेगडी आली. पण टाकी भरायची म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी त्यात जाते. म्हणून चहा आणि पाहुण्यांचे जेवण गॅसवर, तर रोजच्या भाकरी, डाळ आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी घरोघर झालेली आहे. पऱ्हाटी आणि तुराट्या रानातून येतात, त्यांना पैसे पडत नाहीत. चूल जाणार नाही, हे आम्ही आधीच मान्य केले. तिला नावे ठेवून तिचा धूर कमी होत नाही.

आईला खोकला आहे तो आम्ही शाळेत होतो तेव्हापासूनचा. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला विचारले, "बाई, विडी-तंबाखू ओढता का?" आई म्हणाली, "म्या कशाला ओढू? चूलच ओढती माझ्या वाटची." डॉक्टर हसले नाहीत. श्वासनळ्या आकसल्या आहेत, धुराजवळ बसू नका, असे त्यांनी सांगितले. कधीही विडी न ओढलेल्या बायांना विडी ओढणाऱ्यांचा आजार होतो, तो बहुधा चुलीपायी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आकडा मोठा आहे, पण आमच्यापुरता तो एका खोकल्याएवढा होता.

निर्धूर चूल ही काही नवी गोष्ट नाही. हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली या विषयावर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले होते. पुढे १९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ साली तो बंद होईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद आहे. आमच्या वस्तीतही दहा-बारा घरांत त्या बसल्या होत्या. पाईप सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे होते. एक-दोन पावसाळ्यांत ते काजळीने बुजले, ते साफ कसे करायचे हे कोणी दाखवले नव्हते, आणि बायांनी चुली फोडून पुन्हा जुन्या घातल्या. लोकांना सुधारणा नको असते, असा निष्कर्ष यावर काढणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला तो पटत नाही. ज्या पाईपात हात जात नाही आणि ज्याला उघडायला तोंड नाही, तो बुजणारच.

ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांत धुराड्याच्या चुली देऊन त्यांच्यावर चार वर्षे लक्ष ठेवले गेले. २०१९ चे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एस्थर डुफ्लो या अभ्यासात होत्या. पहिल्या वर्षी बायांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे डागडुजी राहिली, वापर कमी झाला आणि फायदाही विरून गेला. पहिल्या वर्षी फायदा झाला, म्हणजे धुराड्याची कल्पना खोटी नाही. म्हणून आमच्या यादीत पहिली अट हीच लिहिली : आईला एकटीने, शिडीवर न चढता, साफ करता येईल असा पाईप.

पाईप धूर कसा ओढतो ते समजले की बाकीचे आपोआप सुचते. गरम धूर हलका असतो, तो वर जातो आणि जाताना मागून चुलीच्या तोंडातून ताजी हवा ओढतो. पाईप जितका उंच, सरळ आणि आतून गरम, तितकी ओढ जास्त. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते आणि आडवा पाईप तर धुराला झोपच आणतो. दुसरे असे की, जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते. थंडीत दार-खिडकी गच्च लावून चूल पेटवली तर चांगला पाईपही धूर उलटा टाकतो. आणि बंद खोलीत रात्री कोळसे ठेवून झोपणे तर जिवावरचे काम आहे. त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात.

गवंड्याने स्वस्त उपाय सुचवला. पाईप पूर्वेच्या भिंतीतून आडवा बाहेर काढायचा, स्लॅबला हातच लावायचा नाही. खर्च निम्मा. पण त्या भिंतीपलीकडे आठ फुटांवर आमच्या काकांचे घर आहे, आणि मधल्या अंगणात त्यांची सहा वर्षांची नात खेळते. तिला दमा आहे. रात्री तिला श्वास घेता येईना की काकू तिला खांद्यावर टाकून अंगणात फिरवतात. पाईप तिथे काढला असता तर आमच्या आईच्या छातीतला धूर आम्ही त्या पोरीच्या छातीत नेऊन सोडला असता.

इथे वाऱ्याचा विचार करावा लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. जुनी माणसे सांगत की, आपली वस्ती गावाच्या पूर्वेला का, तर आपल्या अंगावरून गेलेला वारा गावावर जाऊ नये म्हणून. वाऱ्याची दिशा बघून माणसांची जागा ठरवणारी ती विद्या होती. गावाचा धूर मात्र पिढ्यान्‌पिढ्या आमच्यावर आला. तीच दिशा आता आम्ही काकांच्या अंगणासाठी बघत होतो, आणि आईने एका वाक्यात निकाल दिला : "आपल्यावर आलं तसं दुसऱ्यावर लोटायचं न्हाई."

काकू मात्र आधी चिडल्या होत्या. कोणीतरी त्यांना सांगितले की पाईप त्यांच्याच बाजूला निघणार. दोन दिवस त्या आईशी बोलल्या नाहीत. शेवटी आम्ही सुट्टी काढून गावी गेलो, काका-काकूंना आमच्या जोत्यावर आणून उभे केले आणि चुन्याने जागा आखून दाखवली. काकांनीच मग आपल्या छपराच्या आढ्याला दोरी लावून उंची मोजून दिली. त्यांचे आढे आमच्या स्लॅबपेक्षा दीड फूट उंच निघाले.

ती उंची महत्त्वाची होती. अमेरिकेसारख्या थंड देशांत घरोघर धुराड्याची शेगडी असते, तिथला नियम असा : छतातून बाहेर पडल्यावर पाईप किमान तीन फूट हवा, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या दोन फूट वर. नाहीतर आढ्यावरून घसरणारा वारा धूर खाली दाबतो. तिकडे भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगड्या भिंतीतल्या जुन्या चुलाणात बसवतात, तेव्हाही आधी नळीचा नकाशा होतो, मग शेगडी येते. आपल्याकडे २००६ च्या सुमारास अशा गोळ्यांची, पंख्याची एक शेगडी निघाली होती. तिला धुराडे लागत नव्हते. पुढे गोळ्या महागल्या आणि पुष्कळ घरांत ती माळ्यावर गेली. आमचा हिशेब साधा झाला. काकांचे आढे दीड फूट, त्यावर दोन, म्हणजे साडेतीन. आमचा कठडा दोन फुटांचा होणार, त्यावर दोन, म्हणजे चार. आम्ही स्लॅबवर साडेचार फूट ठेवले.

चूल कुठे घालायची हे आईने ठरवले. ती मोकळ्या जोत्यावर पाटावर बसली, सरपण कुठून येईल, परात कुठे राहील, उजेड कोणत्या अंगाने पडेल, ते हाताने दाखवले आणि म्हणाली, "हितं." जागा मागच्या दाराजवळ, पश्चिमेच्या अंगाला आली. नशिबाने वर तुळई नव्हती. गवंडी कुरकुरला, पण त्याने काम चांगले केले. पत्र्याचे सहा इंच रुंदीचे कडे बनवून सळ्यांच्या जाळीत ठेवले, दोन्ही बाजूंना एकेक जादा सळई बांधली, आणि काँक्रीट आत येऊ नये म्हणून कड्यात ओली वाळू दाबून भरली. स्लॅब सुकल्यावर वाळू काढली की भोक तयार. पाईप चार इंचांचा आहे, त्यामुळे भोवती एकेक इंच मोकळे राहते आणि तापलेला पत्रा स्लॅबला लागत नाही. त्या फटीवर बाहेरून पत्र्याची छत्रीसारखी कॉलर बसवली. ज्यांचे छप्पर वाशांचे किंवा गवताचे आहे त्यांनी एका इंचावर भागवू नये. लाकूड चांगले हातभर दूर असावे, आणि गवतातून पाईप नेऊच नये.

पाईप आम्ही जस्ती पत्र्याचा, तालुक्याच्या पत्रेवाल्याकडून वळवून घेतला. ॲस्बेस्टॉसचा जुना पाईप कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो कापताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते. जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्याच्या आत गेले पाहिजे. ओले सरपण जाळले की आत डांबरासारखा काळा रस जमतो आणि खाली ओघळतो. टोक उलटे बसवले तर तो सांध्यातून बाहेर, थेट भिंतीवर येतो. टोकाला तीन पायांची टोपी आहे, तिच्याखाली चार इंच मोकळी जागा सोडली आहे. वाऱ्याने हलू नये म्हणून तीन बाजूंनी तारेचे ताण दिले. घरातला खालचा तीन फूट भाग आईने मातीने लिंपून घेतला, पोरांचे हात भाजू नयेत म्हणून.

आणि पाईपाच्या तळाशी, चुलीच्या मागे, झाकणाचे एक तोंड ठेवले. आई तिथून लवचीक बांबूच्या कामटीला चिंध्या बांधून वर सारते आणि काजळी खाली घमेल्यात पाडते. दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, घर सारवले जायचे त्या सवयीने, ती हे करते. पहिल्या महिन्यात घमेल्याच्या तळाला काजळी आली, पऱ्हाटी ओली होती त्या महिन्यात अर्धे घमेले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. चूल दोन भांड्यांची आहे. मागच्या वैलावर भांडे नसेल तर तिथे झाकण हवे, नाहीतर ओढ तुटते. उलट ओढ फार झाली तर आच पाईपात पळते आणि सरपण जास्त लागते. त्यासाठी पाईपात पत्र्याची एक झडप बसवली. भाकरी शेकायला आई निखारे चुलीच्या तोंडाशी ओढते, तेव्हा थोडा धूर घरात येतोच. त्याला पाईप काही करू शकत नाही, म्हणून वर स्लॅबलगत एक जाळीची खिडकी आहे. सकाळी थंड पाईप लगेच ओढत नाही. आधी खालच्या तोंडात कागदाचा बोळा पेटवावा लागतो. ओढ लागली की नाही ते बघायला थोरल्या सूनबाईंनी अगरबत्ती धरायची युक्ती काढली. तिचा धूर चुलीच्या तोंडाकडे वाकला की सरपण लावायचे.

आईचा खोकला गेलेला नाही. आकसलेल्या नळ्या पाईपाने मोकळ्या होत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले, फवाराही चालूच ठेवायला सांगितला. पण आता भाकरी टाकताना ती पदर तोंडाशी धरत नाही. काकूंनी आमचा पाईप दोन महिने नीट पाहिला. ढगाळ दिवशी धूर खाली येतो का, वारा कुठून आहे, तेही पाहिले. आता त्यांच्या घरकुलाचा पाया खणला जातो आहे, आणि आमच्या स्लॅबसाठी केलेले ते सहा इंची कडे कसे वळवले, त्याचे माप त्यांनी काकांकरवी मागून नेले आहे.