गारांची वही



'माझा छंद' हा निबंध फळ्यावर लिहून दिला की वर्गातल्या निम्म्या वह्यांत पोस्टाची तिकिटं निघतात. ज्या घरात वर्षानुवर्षं पत्र आलेलं नाही, त्या घरातलं लेकरूसुद्धा "मला तिकिटे जमवण्याचा छंद आहे" असं लिहून देतं, कारण गाईडमध्ये तसं छापलेलं असतं. उरलेल्या वह्यांत वाचन आणि बागकाम. मग आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना छंदच नाहीत. मला ते पटत नाही. मुलांना छंद असतात, पण त्याला छंद म्हणायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हे मी एका विचित्र उन्हाळ्यात आमच्याच घरात पाहिलं. त्याबद्दल आज लिहिते.

आपल्या मराठवाड्यात फाल्गुन म्हणजे काय, हे नांदेड-लातूरच्या माणसाला सांगायला नको. पळस फुललेला, आंब्याला मोहर, शेतात हरभऱ्याची, ज्वारीची काढणी, शाळा सकाळची आणि दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. होळी जळाली, थंडी पळाली. पण २०१४ साली तसं झालं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला अवकाळी पाऊस आणि गारा सुरू झाल्या, त्या मार्चच्या मध्यापर्यंत थांबायचं नाव घेईनात. लातूर, नांदेड, बीड, परभणी, तेव्हाचं उस्मानाबाद, असा सगळा मराठवाडा झोडपून निघाला. विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रही सुटला नाही. पेपरात रोज पांढऱ्याफेक शेतांचे फोटो यायचे. होळी १६ मार्चला होती, तरी आमच्या घरात अजून स्वेटर बाहेरच होते.

आम्ही तेव्हा लातूरला राहत होतो. मोठी मुलगी सहावीत, धाकटा दुसरीत. सासूबाई आमच्याकडं आणि आबा, म्हणजे माझे सासरे, औसा तालुक्यातल्या गावी शेतावर. माहेर नांदेडचं. सकाळची शाळा सुटली की मुलं घरी यायची, दुपारी तीन-चारला आभाळ काळं व्हायचं, लाईट जायची आणि पत्र्यावर ताड ताड सुरू व्हायचं. बाहेर खेळायला जायचं नाही, टीव्ही बंद. अशा दुपारी घरातल्या माणसांनी करायचं काय?

पहिल्या दिवशी गारा थांबल्यावर दोघं वाट्या घेऊन गच्चीवर पळाली. सगळी गच्ची पांढरी. धाकटा ओरडला, "मम्मी, काश्मीर!" लेकरांनी बर्फ आतापर्यंत फक्त सिनेमात पाहिलेला. मोठीनं एक टपोरी गार स्टीलच्या ताटात ठेवून सुरीनं मधोमध कापली. आत कांद्यासारखे थर, एक दुधी, एक काचेसारखा, पुन्हा एक दुधी. धाकट्यानं विचारलं, "आभाळात फ्रीज हाय का?"

प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तर नीट दिलं. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची ओलसर हवा जोरात वर चढते आणि उंच ढग तयार होतो. जमिनीपासून चार-पाच किलोमीटरवर तापमान शून्याच्या खाली जातं. तिथं पाण्याचे काही थेंब शून्याखालीही पाणीच राहतात आणि बर्फाच्या कणाला टेकले की गोठतात. वर चढणारा वारा त्या कणाला तोलून धरतो, तोवर त्याच्यावर थर चढत राहतात. पाणी झटकन गोठलं तर हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी दिसतो, सावकाश गोठलं तर काचेसारखा. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते. हिमवर्षाव वेगळा. त्यात वाफेचेच स्फटिक बनून भुरभुरत पडतात. हवामानशास्त्रात ५ मिलीमीटर किंवा त्याहून मोठ्या गोळ्यालाच गार म्हणतात.

त्या संध्याकाळी मोठीनं जुन्या वहीची उरलेली पानं शिवून एक वही केली. तारीख, वेळ, किती मिनिटं आणि गार केवढी. पट्टीनं मोजेपर्यंत गार वितळायची, म्हणून तिनं स्वतःचंच माप ठरवलं. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. पहिल्या नोंदीखाली लिहिलं, "आज खूप मजा आली."

मग वही वाढत गेली. पाण्याची प्लास्टिकची बाटली वरून कापली, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं बसवलं, बाजूला कागदी पट्टी चिकटवली. बाटलीचा बूड वाकडा असतो म्हणून आधी तिथवर पाणी भरून शून्याची रेघ मारली. झालं पर्जन्यमापक. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे पुस्तकातलं गणित तिनं गच्चीवर केलं. मग एका एकराचं केलं. सुमारे चार हजार लिटर निघाले. ते उत्तर चूक असेल म्हणून तिनं तीनदा तपासलं.

नांदेडला माझ्या भावाचा मुलगा तिच्याच वयाचा. रोज रात्री फोन. "आमच्याकडं बोराएवढ्या. तुमच्याकडं?" "आज कायच न्हाई, नुसतं आभाळ." अहमदपूर, लोहा करत गेलं तर लातूर-नांदेड हे तीनेक तासांचं अंतर, एवढ्या लांब एकसारखं होणार नाही हे ठीक. पण नांदेडात शहराच्या एका भागात गारा आणि दुसरा भाग कोरडा, हे कसं? दोघांनी आठ-दहा दिवसांच्या नोंदी समोरासमोर वाचल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की गारा चादरीसारख्या पसरत नाहीत, पट्ट्यानं पडतात. एका गावाचं होत्याचं नव्हतं होतं आणि शेजारच्या शिवारात पान हलत नाही. हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं.

घरातली बाकीची माणसंही रिकामी नव्हती. सासूबाईंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातला होता. तिसऱ्या दिवशी चीक निघाला तेव्हा ऊन गायब. कुरडया घालायच्या कुठं? मग शिजवलेला चीक दूध-साखर घालून सगळ्यांनी खाल्ला. मुलांच्या मते वाळवण दरवर्षी असंच बुडावं. नंतर त्यांनी जुनी लुगडी काढली आणि वाकळ शिवायला घेतली. धाकटा सुईत दोरा ओवून द्यायचा. कोणता तुकडा कुणाच्या लग्नातल्या लुगड्याचा, हे त्याला आठ दिवसांत पाठ झालं. पाढे पाठ व्हायला वर्ष लागलं होतं.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर तो फक्त मजेचा लेख झाला असता. पण पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो.

आखाड्यावर आबा बाजेवर बसले होते. समोर काढणीला आलेला दोन एकर हरभरा. घाटे फुटून दाणे चिखलात गेलेले. ज्वारी आडवी, कणसं काळी पडायला लागलेली, कडबा भिजून कुजकट वास येत होता. वडाखाली राघू आणि बगळे मरून पडलेले. मोठी ते मोजायला बसली आणि थोड्या वेळानं मोजायचं थांबली. तिनं वही मोठ्या हौसेनं आबांना दाखवायला आणली होती. ती आता तिनं पाठीमागं धरली.

आबांनी विचारलं, "काय गं ते? आण की इकडं."

त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. हरभऱ्याएवढी. मग समोर बघत म्हणाले, "हरभऱ्याएवढी गार पडली अन् हरभरा गेला." मोठीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडून पेन मागितलं आणि "आज खूप मजा आली" ही ओळ खोडायला लागली.

आबांनी तिचा हात धरला. "खोडू नगं. तुला मजा आली ती बी खरी, अन् हे बी खरंच हाय. ह्याच्या खाली ल्ही."

आणि त्यांनी तिला सांगत सांगत लिहून घ्यायला लावलं. हरभरा दोन एकर, ज्वारी दीड एकर, कडबा किती पेंढ्या, बांधावरच्या आंब्याचा मोहर सगळा. मग बोलता बोलता त्यांच्या लहानपणी कधी गारा पडल्या होत्या, कुणाचं वासरू दगावलं होतं, तेही आलं. दहा-बारा दिवस घरात कुणाशी धड न बोललेला माणूस त्या दुपारी तासभर बोलत होता, तेही सहावीतल्या लेकराशी. आम्ही मोठी माणसं फोनवर रोज "किती नुकसान झालं?" एवढंच विचारत होतो. गारेचं माप आणि वेळ विचारणारी तीच पहिली.

पुढं पंचनामा झाला तेव्हा कोणत्या दिवशी, किती वाजता, हे आबांनी वहीत बघून सांगितलं. वहीमुळं मदत वाढली नाही, गेलेला हरभराही परत आला नाही. पण वही भरत राहिली. पाडव्यापर्यंत शेवटची पानं आबांच्या अक्षरात होती.

पालकांना माझं सांगणं एवढंच. लेकरू गारा बघून नाचलं तर "तिकडं शेतकरी रडतोय अन् तू नाचतोस" असं म्हणून गप्प करू नका. त्याला आनंद होऊ द्या, आणि मग शेतावर घेऊन जा. दोन्ही गोष्टी एकाच वहीत मावतात. लपवलं तर ते शेत बघणार नाही, आणि रागावलं तर पुन्हा आभाळाकडं बघणार नाही.

शिक्षक मित्रांसाठी काही सूचना. मार्चमध्ये आभाळ आलं की वर्गात पर्जन्यमापक करून घ्या, खर्च शून्य. गारा पडत असताना, विजा होत असताना मुलांना आडोशाला ठेवा, झाडाखाली मुळीच नाही. नोंदी थांबल्यावर करायच्या. माप मुलांनाच ठरवू द्या. आमच्याकडं सुपारी आणि लिंबू चाललं, तुमच्याकडं गोटी किंवा बटण चालेल. भाषेचा तास असेल तर 'गार' हा एकच शब्द घ्या. गार पाणी, गारठा, गारवा, गारगोटी, बातमी ऐकून माणसं गार पडणं. एक तास कमी पडतो. शेवटी प्रत्येकानं घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं, की तुमच्या आठवणीतल्या सगळ्यात मोठ्या गारा कधीच्या?

मी आता 'माझा छंद' हा निबंध देण्याआधी एकच प्रश्न विचारते. तुम्ही कोणती गोष्ट कुणी न सांगता रोज बघता? मागच्या खेपेला एका मुलानं लिहिलं, त्याला बैलांच्या घुंगरांचे आवाज ओळखायचा नाद आहे. अंधारात कुणाची गाडी आली ते तो घरात बसून सांगतो. निबंध पाऊण पान आणि शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. त्या मी लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि खाली लिहिलं, "तुमच्या बैलाचं घुंगरू कसं वाजतं? अजून एक पान लिहून आण."