आजोळचा वाडा आणि तक्तपोशीखालची ओल

नाशिकास पंचवटीच्या समोरील तीरावर, सराफ बाजाराच्या मागल्या अंगास आमचें आजोळ आहे. जुनें नाशिक टेकड्यांवर वसलेलें. वरच्या आळ्यांतील मंडळी दुतोंड्या मारुतीस पाणी कोठवर लागलें हें कौतुकानें पाहून येतात. खालच्यांस तें कौतुक परवडत नाहीं. २०१६ व २०१९ सालच्या ऑगस्टांत गोदावरीचें पाणी बाजारांत शिरलें, तसें तें मामांच्या ओसरीवरही आलें.

पाणी ओसरलें, वास मात्र मागें राहिला. गेल्या श्रावणांत आम्ही गेलों, तेव्हां ओसरीलगतच्या खोलींत पाऊल टाकतांच भिजल्या गोणपाटासारखा दर्प आला. मामी तेथेंच निजत. त्यांस दम्याचा विकार. रोज ऊद जाळीत, त्यानें दर्प झांकला जाई आणि खोकला मात्र वाढे! घर जुनें झालें, आतां कंत्राटदारास द्यावें, असें मुलांचें मत पडलें होतें. कागदही तयार होते. मामा कांहीं बोलत नसत.

आमच्या आग्रहावरून एका वृद्ध गवंड्यास बोलाविलें. त्यानें सागवानी तक्तपोशीच्या दोन फळ्या उचकटल्या. खालीं हातभर पोकळी, तींत पुराचा चार बोटें गाळ, आणि जोत्याचे दोन्ही झरोके बुजलेले. डांबराच्या थरांवर थर चढून रस्ता त्यांच्या वर आला होता. शिवाय पुराचे डाग दिसूं नयेत म्हणून भिंतींस सिमेंटचा गिलावा केलेला. चुन्याच्या गिलाव्यांतून भिंतींतील ओल वाफ होऊन निघून जाते. सिमेंट ती कोंडून धरतें, मग ती वर चढून तुळयांत शिरते. लाकडांतील ओल शेंकडा २० च्या खालीं राहिली, तर त्यास कुजविणारी बुरशी वाढत नाहीं.

“बाबासाहेब, लाकडाचा दोष नाही. तुम्ही घराचं नाक दाबलंत,” गवंडी म्हणाला.

गाळ त्यानें लगेच काढविला, मोरीची गळकी नळीही बदलविली. झरोके उघडण्यास मात्र तो श्रावणांत तयार होईना. बाहेरची हवाच ओली, ती आंत घेऊन काय साधणार? आश्विनांतल्या कोरड्या उन्हाची वाट पाहा, म्हणाला. हें आम्हांस सुचलें नसतें. आम्ही तर त्याच दिवशीं कुदळ मागविणार होतों. दिवाळीपर्यंत थांबावयास मुलांनीं कसेबसे कबूल केलें. मामींचें अंथरूण माडीवर गेलें.

आश्विनांत झरोके रस्त्याच्या वर नव्यानें पाडून त्यांस जाळ्या बसविल्या, कंबरेइतका सिमेंट खरवडून चुना लाविला, आणि फळ्या महिनाभर उघड्या ठेविल्या. एका तुळईचें टोक कुजलेलें निघालें. तें कापून नवा साग सांधावा लागला. खर्च मुलांच्या अंदाजाहून बराच अधिक आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पौषांत पुनः गेलों. ईशान्य कोपऱ्यांत वांकल्यास किंचित् वास येतो, एरवीं नाहीं. मामी खालीं निजूं लागल्या आहेत. कंत्राटदाराचे कागद देवघराच्या फडताळांत सहीवांचून पडून आहेत. पुढचा पावसाळा पाहून मग बोलूं, असें धाकटा म्हणतो.