कर कोणावर, छप्पर कोणाला?

घराचा प्रश्न पैशाचा की नीतीचा, असा विचार मनात येतो तेव्हा आम्हांला व्हिएन्ना नगरीचा इतिहास आठवतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथील कामकरी कुटुंबे कोंदट खोल्यांत दाटीने राहत. भाड्याची खाटदेखील पाळीपाळीने वापरली जाई. १९१९ साली महापालिका समाजवाद्यांच्या हाती आली. अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ पासून घरबांधणी कर लागू केला. साध्या खोलीस तो नाममात्र, हवेलीस जबर होता. या धोरणातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. १९३० साली खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ वसाहतीत तेराशेवर घरे, धुलाईघरे, बालवाड्या आणि ग्रंथालय होते.

या नगरशासनाचे चर्चशी सख्य नव्हते, हे खरे. परंतु फेब्रुवारी १९३४ मध्ये कामगारांचा उठाव मोडण्यासाठी याच घरांवर तोफा डागल्या गेल्या, त्या ख्रिस्ती राज्याची ग्वाही देणाऱ्या चान्सेलर डॉलफुस यांच्या सरकारकडून! श्रद्धावंतांनी हे विसरू नये.

ती वसाहत आजही नांदती आहे. शहरातील सुमारे निम्मे रहिवासी महापालिकेच्या वा अनुदानित घरांत राहतात. म्हणून नगरशासनाची पारख करताना त्याच्या नावाला भुलू नये. कराचा भार कोणाच्या खांद्यावर आणि छप्पर कोणाच्या डोक्यावर, एवढेच पाहावे.