किंग्स्टनच्या रस्त्यावरील खाद्य

जमैकाची राजधानी किंग्स्टन. दिवेलागणीस उभ्या कापलेल्या लोखंडी पिंपांत कोळसे फुलतात आणि मसाल्याचा धूर रस्ताभर दरवळतो. त्यांवर मांस भाजले जाते. जैन प्रवाशाने त्या सुगंधावर भुलू नये. ‘पॅटी’च्या पिवळ्या आवरणात हळद असते खरी, परंतु पारंपरिक कृतीत प्राणिज चरबीही असते. १८४५ पासून आलेल्या हिंदी गिरमिटियांबरोबर तेथे करी रुजली. रास्ताफारी पंथीयांचे ‘इटल’ अन्न मांसविरहित, म्हणून आपलेसे वाटते; मात्र कांदा, लसूण व याम नावाचा कंद त्यास वर्ज्य नाहीत. निर्धास्त घ्यावे ते शहाळे! वेगळ्या शेगडीवर भाजलेला नीरफणस किंवा मक्याचे कणीस मिळाल्यास उत्तमच. पण दिवसा शोधावे. पिंपे पेटेपर्यंत चौविहाराची वेळ टळलेली असते.