पोरांचं स्टेरॉईड आणि आपली घाई

थोडं लांब लिहितेय, पण मुलांचा विषय आहे. वाचाच.

माझ्या लेकीला अकराव्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. दिवसातून आठ-दहा वेळा संडास, त्यात रक्त. आधी आमांश, मग मूळव्याध म्हणून औषधं झाली. शेवटी कोलोनोस्कोपीत निदान झालं. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन लिहिलं आणि घरात एकच गलका: "एवढ्याशा पोरीला स्टेरॉईड?"

भीती खोटी नाही, अर्धवट आहे. या आजारात स्टेरॉईडचा उपयोग होतो हे ब्रिटनमध्ये ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ सालीच चाचणी घेऊन दाखवलं. मुलांना साधारणपणे किलोमागे १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम, सकाळी एकदाच देतात. दोन-तीन आठवड्यांनी डोस हळूहळू उतरवत दोन-अडीच महिन्यांत बंद करतात. आमच्याकडे आठवड्याभरात रक्त थांबलं.

पण चेहरा गोल झाला, भूक सुटली, चिडचिड वाढली. वर्गात पोरं "भोपळा" म्हणायला लागली. मग नातेवाईकांचे फोन: "बंद कर गं त्या गोळ्या!" इथेच खरा धोका आहे. बाहेरून स्टेरॉईड मिळत असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. गोळी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं.

उलटा धोकाही तेवढाच मोठा. पुन्हा त्रास झाला की जुनी चिठ्ठी दाखवायची, मेडिकलवाला गोळ्या देतो. कधी चिठ्ठीही लागत नाही. हे औषध आग विझवायला आहे, वर्षानुवर्षं घ्यायला नाही. तसं घेतलं तर मुलांची उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात. आजार ताब्यात ठेवायला मेसालामाइन, अझाथायोप्रिन अशी वेगळी औषधं असतात. स्टेरॉईड सोडताच आजार उसळत असेल तर उपचार बदलायचे, गोळ्या वाढवत बसायचं नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मेडिकलवाल्यांनी चिठ्ठीशिवाय स्टेरॉईड देऊ नये, आणि प्रशासनाने ते तपासावं. शाळेत अशा मुलाला तास चालू असताना, कारण न विचारता, संडासला जाऊ द्यावं. आणि संडासला पाणी आणि कडी असावी. माझी लेक शाळेत जायचं म्हणून सकाळी उपाशी राहायची. त्या उपासाला औषध नाही, ते आपल्याच हातात आहे.