घुबडाच्या पायातलं कडं

घुबडं पकडायला अमेरिकेत मिशिगनच्या उत्तर भागात चालले आहे, हे कळल्यावर धुळ्याहून आईचा फोन आला. "लोक दारात बसलेलं घुबड हाकलतात, आणि तुला ही काय अवदसा आठवली?" तिला काय सांगणार? मी घुबड पकडणारही नव्हते. इथे पक्ष्याला कडं घालायचं तर सरकारी परवाना लागतो. तो तिथल्या पक्षी-केंद्रातल्या दोघांकडे होता. मी स्वयंसेवक, माझं काम वहीत आकडे लिहिण्याचं.

व्हाइटफिश पॉइंट हे लेक सुपीरिअरमध्ये घुसलेलं जमिनीचं टोक. वसंतात उत्तरेकडे निघालेले पक्षी एवढं पाणी ओलांडायला बिचकतात आणि किनारा धरत या टोकाशी गोळा होतात. म्हणून मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत इथे घुबडांना कडी घालतात. वसंत अर्थात कॅलेंडरातलाच, मी गेले तेव्हा एप्रिल लागला होता आणि झाडीत गुडघाभर बर्फ होता.

जॅक पाइनच्या झाडीत खांबांना ताणलेली काळी, झिरझिरीत जाळी अंधार पडल्यावर उघडतात. पाऊस किंवा जोराचा वारा असला की नाहीच. जाळ्यांपाशी स्पीकरवर सॉ-व्हेट या छोट्या घुबडाच्या नराची हाक लावलेली असते. टू-टू-टू, सेकंदाला दोनदा, अखंड. पहिला तासभर ती गोड वाटते, मग डोकं उठतं. ठरावीक वेळाने जाळ्यांची फेरी मारावीच लागते. अडकलेल्या पक्ष्याला थंडीत लोंबकळत ठेवायचं नसतं, शिवाय एखादं मोठं घुबड येऊन त्याचा फडशा पाडू शकतं. बऱ्याच फेऱ्या रिकाम्या जातात. पाय बधिर होतात, चहा संपतो, आणि वहीत लिहायला काही नसतं.

पक्षी सापडला की मात्र सगळ्यांची लगबग. पक्षी कुठल्या बाजूने शिरला ते आधी पाहायचं, मग नख्या सोडवायच्या. सॉ-व्हेट नव्वद ग्रॅमच्या आसपास, पण नख्या बोटात रुतल्या की सुटत नाहीत. केबिनमध्ये आणून खास पकडीने पायात अ‍ॅल्युमिनियमचं कडं बसवतात. ते पायावर फिरायला हवं, पण निसटायला नको. मग पट्टीवर पंखाची लांबी. वजनासाठी फळांच्या रसाच्या रिकाम्या डब्यात पक्षी डोकं खाली करून ठेवतात. अंधारात तो शांत होतो, बाहेर फक्त शेपटी आणि पाय दिसतात. मादी नरापेक्षा वजनाला जास्त, त्यामुळे पंख आणि वजन जुळवून नर की मादी ते ठरवतात. मधल्या आकड्यांच्या पक्ष्यापुढे वहीत 'अनिश्चित' लिहायचं. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

वयाची तपासणी मी डोळे विस्फारून पाहिली. दिवा घालवून पंखाच्या आतल्या बाजूवर अतिनील प्रकाश टाकला आणि पिसं झगझगीत गुलाबी झाली. पिसांतलं पॉर्फिरिन हे रंगद्रव्य उजेडाने विरत जातं, म्हणून नवं पीस जास्त चमकतं. सगळी पिसं सारखीच गुलाबी असली तर पक्षी गेल्या वर्षीचा, काही चमकदार नि काही फिकी असली तर त्याहून मोठा. एवढं झालं की त्याला अंधारात सोडून द्यायचं. फोटोसाठी थांबवून ठेवायचं नाही. एका पाहुण्याने "आणखी एकच" म्हटलं, त्याला सरळ नाही सांगितलं. बरं केलं.

कड्यावरचा नंबर मेरीलँडच्या केंद्रीय प्रयोगशाळेत नोंदवला जातो. तोच पक्षी पुन्हा कुठल्या जाळ्यात आला, की त्याचा प्रवास कळतो.

आईला सांगायला माझ्याकडे एक घुबड मात्र होतं: रानपिंगळा, आमच्या खानदेशातला. शंभराहून अधिक वर्षं कुणाला न दिसलेला हा पक्षी 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो शोधणाऱ्यांतल्या पामेला रासमुसेन पुढे याच मिशिगनच्या विद्यापीठात होत्या. हे आईला सांगितलं, तर म्हणाली, "शहाद्याला? मग ठीक आहे."

तुम्हाला कधी कडं असलेला पक्षी सापडला, मेलेला का होईना, तर नंबर, जागा आणि तारीख लिहून घ्या. भारतात असं कडं बहुधा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं असतं, त्यांना कळवा. पक्षी जिवंत असेल तर कडं काढू नका.